देवमनचा वाटा

सोनखरीचा निकाल लागला तेव्हा मंदाकिनी इंगोले आपल्या टेबलावर डबा उघडून बसली होती. सरकारी भाषेत तो 'दायित्व निर्धारण अहवाल' होता, पण कचेरीत सगळे त्याला निकालच म्हणत. शेजारच्या खोलीतून कनिष्ठ अभियंता फैयाज काझी मोबाइल हातात धरून लगबगीनं आत आला.

"मॅडम, सुटलो आपण. तुमचे सहा पूर्णांक दोन, माझे चार. दोघंही दहाच्या आत."

मंदाकिनीनं पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"देवमनचे किती?"

फैयाजनं मोबाइलवर बोट फिरवलं. "एकेचाळीस."

"एकेचाळीस?"

"हो ना. चाळीसच्या वर गेला बिचारा. म्हणजे फौजदारी." फैयाजचा आवाज उतरला. तो वाईट माणूस नव्हता. घरी दोन लहान मुली होत्या आणि गेले चौदा महिने त्याला धड झोप नव्हती. "जेवून घ्या मॅडम," म्हणून तो निघून गेला.

मंदाकिनी ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाची उपअभियंता होती. तालुक्यातल्या ब्याण्णव गावांच्या नळयोजना तिच्याकडे. निवृत्तीला सात महिने राहिले होते. चौदा महिन्यांपूर्वी सोनखरी गावात काविळीची साथ आली. सव्वाशे माणसं पिवळी पडली, तिघं गेली. एक म्हातारा, आणि दोन गरोदर बायका. त्यातली एक करुणा खंडारे, वय तेवीस, नववा महिना. गावच्या टाकीवर पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो जलसुरक्षक देवमन खंडारे. करुणा त्याची सून होती.

पूर्वी अशा साथीचा दोष कोणाला देता येत नसे. पाण्यातून होणारी ही कावीळ विषाणू पोटात गेल्यावर महिना-दीड महिन्यानं दिसते. तोवर पाणी वाहून गेलेलं, टाकी धुतलेली, फायली हललेल्या. चौकशी समिती बसायची, 'यंत्रणेतील त्रुटी' असे शब्द लिहायची आणि उठायची. लोक संतापायचे. शेवटी सरकारनं 'दायित्व' आणलं.

ते काय करत असे हे समजायला फार गणित लागत नाही. प्रत्येक टाकीत काडेपेटीएवढा संवेदक बसवलेला होता. तो दर दहा मिनिटांनी पाण्यातला क्लोरीन मोजून कळवायचा. कोणती फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती हे कार्यालयाच्या संगणकाला ठाऊक होतंच. रुग्णांच्या रक्तातल्या विषाणूंची जनुकं वाचली की ते कोणत्या टाकीतून, साधारण कोणत्या आठवड्यात आले हेही कळायचं. या सगळ्यावरून यंत्र अख्खं गाव आपल्या पोटात उभं करायचं: टाकी, नळ, माणसं, फायली. मग ते गाव दहा हजार वेळा पुन्हा जगवायचं. दरवेळी एका माणसाला बाजूला काढून त्याच्या जागी त्याच पदावरचा 'सरासरी कर्मचारी' बसवायचं आणि बघायचं, आता माणसं मेली असती का? ज्याला बदलल्यावर मरणं सगळ्यात जास्त टळायची त्याचा वाटा सगळ्यात मोठा. सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज शंभर. दहाच्या वर विभागीय चौकशी, चाळीसच्या वर पोलीस. आणि निकाल सगळ्यांना बघायला खुला.

मंदाकिनीनं डबा झाकला आणि अहवाल सुरुवातीपासून वाचला. एकशे बारा पानं होती. जिल्ह्याच्या भांडारातून पावडर यायला चौसष्ट दिवस लागले होते. पण राज्यातल्या भांडार अधिकाऱ्यांची सरासरी एकाहत्तर दिवसांची होती. म्हणजे त्यांच्या जागी सरासरी माणूस असता तर आणखी आठवडा उशीर झाला असता, आणि आणखी माणसं मेली असती. भांडार अधिकाऱ्यांचा वाटा उणे एक पूर्णांक तीन आला होता. त्याखाली प्रणालीनं आपणहून एक ओळ घातली होती: प्रशंसापत्रास पात्र.

देवमनच्या पानावर लिहिलं होतं: सरासरी जलसुरक्षकाने पावडर संपत आल्याचे मोबाइलवर नोंदवले असते, किंवा शेजारच्या गावातून उसनी आणली असती. सदर कर्मचाऱ्याने तुटवडा नोंदवला नाही व बावीस दिवस अर्ध्या मात्रेवर शुद्धीकरण केले.

त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: सदर काळात उपअभियंत्यांशी एक दूरध्वनी, चार मिनिटे बारा सेकंद. आशय अज्ञात. भारांक शून्य.

मंदाकिनीला आशय ज्ञात होता.

तो सोमवार होता. बुधवारी जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक होती. दर बुधवारी पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा यायचा आणि ज्या तालुक्यात एकाही गावात तुटवडा नोंदवलेला असेल तो लाल दिसायचा. त्या वर्षात तिचा तालुका अकरा वेळा लाल झाला होता. अकराही वेळा तिला सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं होतं आणि नंतर लेखी खुलासा. लाल पडलं की पावडर येत नसे, खुलासा मागणारं पत्र येई. पावडर यायची तेव्हाच यायची.

देवमननं फोन केला होता. "मॅडम, दोन पोती राह्यली. आज तुटवडा टाकतो मोबाइलवर."

ती म्हणाली होती, "देवमन भाऊ, या आठवड्यात टाकू नका. आठ दिवस काढा कसेतरी. अर्ध्या मात्रेवर चालवा."

तो घुटमळला होता. म्हणाला होता, "मॅडम, घरी सून हाय. आठवा महिना लागला तिले. पानी चांगलं पायजे होतं."

आणि ती म्हणाली होती, "अहो होईल. आठ दिवसांनी काही होत नाही. मी बघते ना."

आठ दिवसांचे बावीस झाले. तिनं दोनदा भांडाराला आठवण केली, मग ते तिच्या डोक्यातून गेलं. तिच्याकडे ब्याण्णव गावं होती.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी देवमन कचेरीत आला. साठीला टेकलेला, काटक, पांढरा सदरा इस्त्री केलेला. त्यानं टेबलावर टाकीच्या खोलीची किल्ली ठेवली आणि पाणी तपासायची छोटी पेटी ठेवली. पाण्यात दोन थेंब टाकले की ते पिवळं व्हावं. नाही झालं तर क्लोरीन नाही.

"जमा करून घ्या मॅडम. सरपंच म्हने, इकडंच दे."

"बसा."

"नाई. बसत नाई."

तिनं उठून दार लोटून घेतलं. "देवमन भाऊ, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "इचारलंच नाई कोनी. त्यायनं इचारलं, मात्रा कमी केली का? म्हनलं, हो. तुटवडा टाकला का? म्हनलं, नाई. झालं."

"पण तुम्ही आपणहून..."

"मॅडम, दोन थेंब टाकले का पानी पिवळं होत नव्हतं. मले दिसत होतं. वास बी येत नव्हता. रोज दिसत होतं. तुमी सांगतलं म्हनून का माह्या डोयाले दिसाचं थांबलं?"

तिनं पाणी तपासायची पेटी जवळ ओढली.

"पोरगा गेला घरातून," तो म्हणाला. "मिलिंद. निकाल लागला त्याच दिवशी. मोबाइल माह्यासमोर धरला त्यानं. म्हने, बाबा, शंभरातले एकेचाळीस तुह्ये. म्हने, तिचे एकेचाळीस, बाळाचे एकेचाळीस. कपडे घेतले न गेला. सौर पंपाचं काम करते तो, तिकडंच राह्यते आता कंपनीच्या खोलीवर."

"तुम्ही अपील करा. तीस दिवस आहेत."

"काय लिहू त्याच्यात?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता. मग नमस्कार करून निघून गेला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. भास्करराव शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी गच्चीवर दोघं कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी खुर्च्या टाकून बसत. तिनं फोनची गोष्ट सांगितली. अर्ध्या मात्रेचं सांगितलं, लाल नकाशाचं सांगितलं. सुनेबद्दल देवमन काय म्हणाला ते तिच्या तोंडातून बाहेर आलं नाही.

भास्कररावांनी कुंडीतलं एक वाळलेलं पान खुडलं. मग म्हणाले, "सात महिने राहिलेत, मंदा."

"माहीत आहे."

"तेहेतीस वर्षं नोकरी केलीस. किती गावांत नळ नेलेस ते त्या यंत्राला विचार. त्याचा वाटा नाही काढत कोणी."

"देवमनचं माझ्याकडे काही मागणं नाही. पण तो आत जाईल."

"आणि तू सांगितलंस की तू जाशील. ती पोर परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

मंदाकिनीला ठाम काही वाटत नव्हतं. धैर्य वगैरे तर नव्हतंच. तिला फक्त खूप थकवा आला होता, आणि त्या थकव्यात एक गोष्ट तिला स्पष्ट दिसत होती. त्या सोमवारी तिनं जे सांगितलं ते दुष्टपणानं सांगितलं नव्हतं, थकल्यामुळे सांगितलं होतं. बारावा खुलासा लिहायचा कंटाळा आला होता. आताही गप्प बसली तर तो तसाच कंटाळा असेल.

अपिलाच्या मुदतीच्या सव्विसाव्या दिवशी तिनं प्रणालीवर पुरवणी निवेदन भरलं.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. अपील अधिकारी वैराळे नावाचे गृहस्थ होते. त्यांच्यासमोर त्या दिवसाची चौदा प्रकरणं होती. त्यांच्या बाजूला पुण्याच्या संस्थेतून आलेली रेश्मा तांबोळी बसली होती. तिशीची असेल. यंत्र चालवायचं काम तिचं.

वैराळ्यांनी निवेदन वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, तुम्हाला याचा अर्थ कळतोय ना? तुमच्याकडे कोणी बोट दाखवलेलं नाही. तुमचे सहा आहेत."

"कळतोय."

"कोणाचा दबाव?"

"नाही."

"या संभाषणात आणखी काही झालं होतं? याखेरीज काही?"

खोलीत पंखा फिरत होता. मंदाकिनीला देवमनचा आवाज ऐकू आला, आठवा महिना लागला तिले. ती म्हणाली, "नाही."

रेश्मानं निवेदन यंत्रात घातलं. दहा हजार सोनखरी पुन्हा जगून व्हायला सहा मिनिटं लागली. वैराळे तोवर दुसरी फाईल वाचत होते.

"देवमन खंडारे आठ पूर्णांक सात," रेश्मा म्हणाली. "वरिष्ठांनी सांगितल्यावर शंभरातले सत्त्याऐंशी जलसुरक्षक ऐकतात, त्यामुळे त्यांचा वाटा उतरला. मंदाकिनी इंगोले चौतीस."

"एवढे?" वैराळ्यांनाच आश्चर्य वाटलं.

"तुटवडा लपवायला सांगणारा उपअभियंता नोंदींमध्ये दुसरा एकही नाही, सर. सरासरी शून्य आहे."

मंदाकिनी तिच्याकडे बघत राहिली. जिल्ह्यात तेरा तालुके होते आणि तेराही उपअभियंते मंगळवारी हेच फोन करत. तिनं ते स्वतः ऐकले होते. जिल्ह्याला जमले की चहा घेताना ते एकमेकांना हसत सांगत. पण आजवर कोणी तसं लिहून दिलं नव्हतं, म्हणून यंत्राच्या लेखी तसं कोणी करतच नव्हतं.

सुनावणी संपल्यावर ती बाहेर बाकावर बसली. थोड्या वेळानं रेश्मा बाहेर आली, इकडेतिकडे बघून तिच्याशेजारी बसली.

"मॅडम, राग मानू नका. यंत्र जे दिलंय त्यावरच चालतं."

"राग नाही हो. एक विचारू? तुम्ही प्रत्येकाच्या जागी सरासरी माणूस का बसवता? नियमाप्रमाणे वागणारा का नाही बसवत? पावडर पंधरा दिवसांत पोचवावी असा नियम आहे. चौसष्ट दिवस लागले."

रेश्मा हळूच हसली. "सुरुवातीला आम्ही तसंच केलं होतं. सोनखरीचंही मी करून बघितलंय, माझ्यापुरतं." तिनं मांडीवरच्या लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला. "प्रत्येकाला नियमाप्रमाणे वागणाऱ्या माणसाशी ताडून बघितलं. भांडार अधिकारी अठ्ठ्याण्णव. खरेदीची फाईल अडवून ठेवणारे वित्तवाले नव्वद. दर बुधवारी लाल तालुक्याला झापायची पद्धत ज्यांनी पाडली ते सत्तर. तुम्ही ऐंशीच्या वर. देवमन साठ. कोणीही एकानं जरी नीट केलं असतं तरी बहुतेक वेळा ही माणसं वाचतात."

"मग बेरीज?"

"चारशे बारा."

मंदाकिनीनं आकड्यांवरून नजर फिरवली. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "हेच खरं आहे ना?"

"शासन निर्णयात बेरीज शंभर आली पाहिजे असं लिहिलंय," रेश्मा म्हणाली. "आणि सगळेच दोषी निघाले तर कारवाई कोणावर करायची, असं विचारलं त्यांनी. आमच्या सरांकडे उत्तर नव्हतं." तिनं पडदा बंद केला. "मी हे दाखवलं असं कुठे बोलू नका."

"नाही बोलत."

आठवड्याभरात निलंबनाचा आदेश आला. निकालाचं नवं पान सगळ्यांना दिसलं. भाजीवालीनं हिशोब देताना तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. तालुक्यातल्या ज्या बायकांच्या दारात तिनं पहिला नळ सोडला होता त्यातल्या एकीनं रस्ता ओलांडला. फैयाज एकदा आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला बोलवा कधीही," आणि आत आला नाही. बाकीच्या बारा उपअभियंत्यांपैकी एकाचाही फोन आला नाही. पुढच्या मंगळवारी तेही आपापल्या जलसुरक्षकांना फोन करताना जरा घाबरले असतील. किंवा फोनऐवजी समक्ष भेटून सांगू लागले असतील.

भास्करराव तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी चहा करून तिच्यासमोर ठेवला. "साखर कमी आहे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते पुन्हा बोलू लागले, पण या विषयावर कधीच नाही. संध्याकाळी गच्चीवर दोघं बसत आणि तो विषय त्यांच्यासोबत बसे.

देवमनला किल्ली परत मिळाली. गावानं त्याला नको म्हटलं नाही. दुसरं कोणी ते काम करायला तयार नव्हतं. त्यानं एकदा फोन केला.

"मॅडम, काहून केलं तुमी?"

"खरं होतं म्हणून."

"माहं कमी झालं म्हनतेत लोकं. मले तसं लागत नाई." थोडं थांबून म्हणाला, "पानी पिवळं होते आता रोज. तुमाले सांगाव वाटलं."

"आणि मिलिंद?"

"नाई आला. म्हने, आकडा खाली आला म्हनून का झालं. बाईनं सांगतलं न यानं ऐकलं. तोंड नव्हतं का याले?"

मंदाकिनी निवृत्त झाली ती चौकशी चालू असतानाच. समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी सही करायला गेली, ओळखपत्र जमा केलं आणि रिक्षानं घरी आली. त्यानंतरचे दिवस एकमेकांसारखे गेले. ती सकाळी उठे, स्वयंपाक करी, दुपारी पडून राही. झोप येत नसे. चौकशीची तारीख लागे आणि पुढे जाई.

मिलिंद आला तो उन्हाळ्यातल्या एका दुपारी. मोटारसायकल फाटकाबाहेर लावून तो अंगणात उभा राहिला. उंच, सावळा, पाठीवर अवजारांची पिशवी. मंदाकिनीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण उभं राहायची पद्धत देवमनची होती.

"मी मिलिंद खंडारे. सोनखरी."

"ये. ये, आत ये."

तो पडवीत आला, पण खुर्चीवर बसला नाही. कठड्याला टेकला.

"मी तुमचं निवेदन वाचलं," तो म्हणाला. "खूपदा वाचलं. चार मिनिटं बारा सेकंद. तुम्ही जे लिहिलंय ते बोलायला एक मिनिट पण लागत नाही. मी घड्याळ लावून बोलून पाहिलं."

मंदाकिनी खुर्चीच्या कडेला बसली.

"मग बाकीचा वेळ काय बोलले तुम्ही? बाबाले विचारलं तर तो सांगत नाही. म्हणते, माहा हात होता, माही चूक होती, बस. एवढंच म्हणते तो." त्याचा आवाज चढला होता, तो त्यानं आवरला. "मले एकच पाहिजे. बाबा काहीच नाही म्हटला का? तुम्ही अर्धी मात्रा म्हटलं आणि त्यानं 'हो मॅडम' म्हणून ठेवला फोन?"

आतल्या खोलीत भास्करराव वर्तमानपत्र वाचत होते. पानाचा आवाज थांबला.

"नाही," मंदाकिनी म्हणाली. "तो म्हणाला, घरी सून आहे. आठवा महिना लागला तिला. पाणी चांगलं पाहिजे होतं."

मिलिंद कठड्यावरून सरळ झाला.

"मग मी म्हटलं, आठ दिवसांनी काही होत नाही. तो म्हणाला, मॅडम, तरी पण. दोनदा म्हणाला, तरी पण. मी म्हटलं, मी बघते ना. मग त्यानं विचारलं, नक्की आठच दिवस ना? मी हो म्हटलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"करुणाचं."

"नाव माहीत नव्हतं. आठवा महिना आहे हे माहीत होतं."

"मग तिकडं का नाही सांगितलं हे? एवढं सगळं सांगितलं, हेच का नाही?"

मंदाकिनीनं खरं काय ते शोधलं. "चौतीसपर्यंत हिंमत होती," ती म्हणाली. "त्यापुढे नव्हती."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग होता आणि तो लपवत नव्हता. "पुन्हा सांगा," तो म्हणाला. "बाबा काय म्हटला ते. त्याच्याच शब्दांत."

तिनं पुन्हा सांगितलं, देवमनच्या बोलीत, तिला आठवत होतं तसं. घरी सून हाय. आठवा महिना लागला तिले. पानी चांगलं पायजे होतं. मॅडम, तरी पन.

मिलिंदनं तळहातानं तोंड पुसलं. पिशवी खांद्यावर नीट केली. "तुम्हाले माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

तो पायऱ्या उतरून गेला. फाटकाशी थांबून त्यानं मोबाइल काढला. मंदाकिनीला त्याची पाठ दिसत होती आणि शब्द ऐकू येत होते.

"बाबा. कुठं हायेस?... टाकीवर? एवढ्या उन्हात?... नाही, काही झालं नाही. थांब तिथंच. येतो मी." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला, मान खाली घालून. "येतो म्हटलं ना. सावलीत बस तोवर."

मोटारसायकल सुरू झाली आणि वळणापलीकडे गेली.

मंदाकिनी आत आली. भास्कररावांनी वर्तमानपत्राची घडी घातली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी तिच्यासाठी पलंगावर सरकून जागा केली. ती त्यांच्याशेजारी बसली.

"तुम्हालाही मी अर्धंच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांग," ते म्हणाले.

तिनं सोमवारच्या सकाळपासून सुरुवात केली.